गंगेकाठचे डॅनिश विद्यापीठ आणि आपली मराठी

मंडळाच्या मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात आम्ही एक छोटी प्रश्नमंजूषा ठेवली होती. त्यात एक प्रश्न असा होता : पहिला छापील मराठी-इंग्रजी शब्दकोश कोणत्या गावी छापला गेला? पुणे, मुंबई, नागपूर अशी उत्तरे आली. एका काकांनी गोवा म्हटले. बरोबर उत्तर होते बंगालमधले श्रीरामपूर. ते सांगितल्यावर सभागृहात थोडा गलका झाला, आणि मागच्या रांगेतून एका आजींनी विचारले, "तिकडे बंगालात मराठी वाचणार कोण होते हो?"

प्रश्न अगदी योग्य होता, पण दोन मिनिटांत उत्तर देता येण्यासारखा नव्हता. कारण या उत्तरात एक डॅनिश राजा आहे, एक चांभारकाम करणारा इंग्रज आहे, नागपूरचे एक पंडित आहेत आणि बाल्टिक समुद्राकाठचे एक जुने विद्यापीठही आहे. आपल्या सिल्वासाचा इतिहास माहीत असलेल्यांना त्यात आणखी एक ओळखीची गोष्ट सापडेल. म्हणून हा लेख.

आधी गावाची ओळख. हे श्रीरामपूर म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळी नदीच्या पश्चिम काठावर हे गाव आहे. समोरच्या काठावर बराकपूरची छावणी. इंग्रजांनी त्याचे सेरामपोर केले आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी सेरामपूर. घोटाळा नको म्हणून आम्हीही पुढे सेरामपूरच म्हणू.

१७५५ साली बंगालचे नवाब अलिवर्दी खान यांच्या परवानगीने डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीने येथे वखार घातली आणि आपल्या राजाच्या नावावरून गावाला फ्रेडरिक्सनगर असे नाव दिले. डेन्मार्क हा तेव्हाही लहानच देश. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी हे ठाणे त्यांच्याकडे १६२० पासून होते. तेथे आसपास तंजावरच्या मराठा राजांचे राज्य होते, म्हणजे मराठी माणसांना डॅनिश शेजारी नवे नव्हते. पण इंग्रज आणि फ्रेंचांपुढे डेन्मार्कची ताकद ती किती! चहूकडे इंग्रज कंपनीचा मुलूख आणि मध्ये चिमुकले डॅनिश गाव, असा सेरामपूरचा नकाशा होता.

हा नकाशा सिल्वासाकरांना समजावून सांगायला नको. आपलाही प्रदेश जवळजवळ पावणेदोनशे वर्षे असाच होता, चारी बाजूंनी दुसऱ्याचे राज्य आणि मध्ये पोर्तुगीजांचा झेंडा. अशा बेटासारख्या मुलखाची एक गंमत असते. हद्द ओलांडली की कायदा बदलतो. कोलकात्यात कर्जबाजारी झालेले लोक सावकार आणि कोर्ट चुकवायला सेरामपूरला येऊन राहत, कारण तेथे इंग्रजांचा वॉरंट चालत नसे. आपल्याकडे हद्द ओलांडून लोक कशासाठी येतात ते येथे लिहीत नाही. पण आपल्यापैकी निम्मी कुटुंबे ज्या कारखान्यांमुळे सिल्वासात स्थायिक झाली, ते कारखाने करसवलतींमुळे इथे आले हे विसरून चालणार नाही. वेगळ्या कायद्याच्या आधाराने काही वाईट गोष्टी जगतात, तशा काही चांगल्याही रुजतात. सेरामपूरचे विद्यापीठ हे त्याचे उदाहरण आहे.

विल्यम कॅरी हा इंग्लंडमधल्या एका खेड्यातला मुलगा, जन्म १७६१ चा. धंदा जोडे शिवण्याचा. काम करता करता तो लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकला आणि बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला. १७९३ साली तो कुटुंबासह बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्माच्या नावाने लोक बिथरले तर व्यापार बुडेल, ही त्यांची भीती. त्यामुळे कॅरीने पहिली काही वर्षे माल्द्याकडे निळीच्या कारखान्यात व्यवस्थापक म्हणून काढली. १७९९ च्या ऑक्टोबरात त्याचे सहकारी आले, त्यात शाळामास्तर जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड हे दोघे महत्त्वाचे. कंपनीचा रोष नको म्हणून ते कोलकात्याला न उतरता थेट सेरामपूरला उतरले. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवण्याची मागणी केली. डॅनिश गव्हर्नर कर्नल ओले बी याने ती धुडकावली आणि त्यांना आसरा दिला. जानेवारी १८०० मध्ये कॅरीही तेथे आला आणि दोन-तीन महिन्यांत छापखाना सुरू झाला.

आता मराठी यात कशी आली? खरे कारण भाषेचे प्रेम नव्हे, लढाई हे होते. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी गव्हर्नर जनरल वेलस्लीने १८०० साली कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. कॅरी तेथे १८०१ पासून बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी इंग्रजांचे युद्ध पेटले. कटकचा मुलूख भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेला, दरबारांत इंग्रज वकील बसू लागले. मराठी कागद वाचता येणारी माणसे हवीत हे कंपनीच्या ध्यानात आले आणि मराठीचे कामही कॅरीकडे आले. कॅरी स्वतः महाराष्ट्रात कधीच आला नाही. त्याला मराठी शिकवली ती नागपूरकडच्या वैजनाथ शर्मा या पंडितांनी. ते फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे मुख्य पंडित होते.

१८०५ मध्ये कॅरीचे मराठी व्याकरण इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. मराठीचे हे पहिले छापील व्याकरण मात्र नव्हे. पोर्तुगीज भाषेत लिहिलेले एक मराठी व्याकरण १७७८ साली रोममध्ये छापले गेले होते. आणि छापील मराठीची सुरुवात शोधायची तर आणखी मागे, गोव्यात राचोल येथे १६१६ साली रोमन लिपीत छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणापर्यंत जावे लागेल. (म्हणजे गोवा म्हणणारे काका अगदीच चुकले नव्हते. प्रश्न शब्दकोशाचा होता एवढेच.) १८१० मध्ये कॅरीचा कोश आला. मग वैजनाथ पंडितांच्या हातची गद्य पुस्तके आली : सिंहासन बत्तिशी १८१४ मध्ये, हितोपदेश १८१५ मध्ये, राजा प्रतापादित्याचे चरित्र १८१६ मध्ये. त्याच सुमारास राघोजी भोसल्यांची वंशावळही छापली गेली.

या शेवटच्या पुस्तकापाशी आम्ही वाचताना थांबलो. राघोजी भोसल्यांच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या, हुगळी शहर काही काळ ताब्यात घेतले. कोलकात्याच्या लोकांनी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणला, तो 'मराठा डिच' म्हणून प्रसिद्ध आहे. बंगाली आया बाळाला झोपवताना आजही बर्गी आले म्हणून घाबरवतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. त्याच हुगळीच्या काठावर साठ-सत्तर वर्षांनी त्याच राघोजींची वंशावळ बंगाली कारागिरांनी पाडलेल्या खिळ्यांनी छापली गेली. त्या कारागिरांचेही नाव घ्यायला हवे. सेरामपूरचे पहिले खिळे पाडणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर. अक्षराचा पोलादी ठसा हाताने कोरायचा, त्यावरून साचा करायचा आणि साच्यात शिसे ओतून खिळा पाडायचा. एकेका लिपीला जोडाक्षरे धरून शेकडो ठसे लागत.

१८१० चा कोश उघडला तर आपल्यापैकी बहुतेकांना त्यातले मराठी शब्द वाचता येणार नाहीत, कारण ते मोडीत आहेत. वैजनाथ पंडितांची वर सांगितलेली पुस्तकेही मोडीतच छापलेली. त्या काळच्या मराठी माणसाच्या रोजच्या व्यवहाराची लिपी मोडी होती. पत्रे, हिशेब, सनदा, वाटपपत्रे सारे मोडीत. बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, पोथ्यांसाठी. तेव्हा व्यवहारातल्या मराठीला व्यवहारातलीच लिपी असावी, हा सेरामपूरकरांचा हिशेब त्या दिवसापुरता चुकीचा नव्हता. पण पुढे मुंबईत जी मराठी छपाई वाढली ती बाळबोध घेऊन. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश देवनागरीत आला, शाळेची पुस्तके देवनागरीत आली आणि छापील मोडी मागे पडली. हातची मोडी मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. आपल्यापैकी काहींच्या आजोबांनी ती शाळेत शिकली असेल.

कॅरीच्या मराठीवरही टीका झाली. नागपूरकडच्या बोलीची छाप, वाक्यरचना कुठे कुठे इंग्रजी वळणाची. त्याने केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुंबईच्या मिशनऱ्यांनाच उपयोगी वाटले नाही, त्यांनी आपले नवे केले. आमचे मत विचाराल तर कोश आणि वैजनाथ पंडितांच्या गोष्टी हे सेरामपूरचे खरे देणे. भाषांतर काही टिकले नाही.

पण विद्यापीठ कुठे आहे यात? तिकडे येण्यापूर्वी थोडे युरोपात जाऊन यावे लागेल.

सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने पोपच्या सत्तेला आव्हान दिले. त्याला मानणारे ते प्रॉटेस्टंट. त्यांचे म्हणणे असे, की धर्मग्रंथ प्रत्येकाला आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे. म्हणजे भाषांतर हवे, भाषांतरासाठी व्याकरण आणि कोश हवेत, वाचायला शिकवणारी शाळा हवी आणि गावोगावी शिकलेला धर्मोपदेशक हवा. तो कोठे तयार होणार? विद्यापीठात. म्हणून उत्तर युरोपातल्या ज्या ज्या राजाने नवा पंथ स्वीकारला त्याला आपल्या राज्यात आपले विद्यापीठ हवे झाले. कोपनहेगनचे विद्यापीठ १४७९ चे, मुळात कॅथलिक. धर्मबदलाच्या धामधुमीत ते बंद पडले आणि १५३७ मध्ये लूथरच्या पंथाचे म्हणून पुन्हा उभे राहिले. किएलचे विद्यापीठ १६६५ चे. होल्स्टाइन-गोटोर्पच्या ड्यूकने, क्रिस्टियान आल्ब्रेख्टने ते स्थापन केले आणि आजही ते त्याच्याच नावाने चालते. किएल हे बाल्टिक समुद्राच्या एका लांबट खाडीच्या टोकाला वसलेले बंदर. आज ते जर्मनीत आहे, पण १७७३ पासून पुढे जवळजवळ नव्वद वर्षे तेथे डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. थोडक्यात, सेरामपूरचा राजा आणि किएलचा राजा एकच.

आणि किएलचे सेरामपूरशी आणखी एक नाते आहे. नेपोलियनच्या युद्धांत १८०७ साली इंग्रजी आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्या. शहराचा मोठा भाग जळाला, त्यात विद्यापीठाच्या इमारतीही गेल्या. त्याचा पडसाद हुगळीकाठी उमटला : १८०८ मध्ये इंग्रजांनी सेरामपूर ताब्यात घेतले. १८१० चा मराठी कोश छापला तेव्हा गावावर इंग्रजांचा झेंडा होता. जानेवारी १८१४ मध्ये किएल शहरात तह झाला, त्यात डेन्मार्कला नॉर्वे गमवावा लागला पण हिंदुस्थानातली ठाणी परत मिळाली. १८१५ मध्ये सेरामपुरावर पुन्हा डॅनिश झेंडा चढला. बाल्टिक किनाऱ्यावर सही झाली म्हणून बंगालमधल्या एका गावचा मालक बदलला. आपल्याकडेही मालक बदलले ते दूरच्या कागदांवरून, त्याबद्दल पुढे सांगतो.

मधल्या काळात छापखान्यावर एक मोठे संकट येऊन गेले होते. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी आग लागली. कागदाचा साठा, अनेक भाषांचे खिळे, कॅरीची वर्षांच्या मेहनतीची हस्तलिखिते सारे खाक झाले. ढिगाऱ्याखाली पोलादी ठसे आणि साचे मात्र सुखरूप निघाले. वितळलेले शिसे गोळा करून पुन्हा ओतकाम सुरू झाले आणि काही महिन्यांत छपाई चालू झाली. सिंहासन बत्तिशी या आगीनंतर दोनच वर्षांनी आली.

१८१८ मध्ये कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी कॉलेज काढले. पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान दोन्ही तेथे शिकवायचे होते, आणि केवळ ख्रिस्ती मुलांनाच नव्हे तर हिंदूंनाही प्रवेश होता. नदीकाठी उंच खांबांची भव्य इमारत उभी राहिली. खर्च बराचसा त्यांनी स्वतःच्या कमाईतून केला. कॅरीचा फोर्ट विल्यमचा पगार पुढे महिना हजार रुपये झाला होता, त्यातला थोडा घरखर्चाला ठेवून बाकीचा तो संस्थेला देई. पुढे १८३३ मध्ये कॉलेजच्या नियमांत स्पष्ट लिहिले गेले, की जात, रंग किंवा देश यांमुळे कोणत्याही पुरुषाला प्रवेश नाकारला जाणार नाही. 'पुरुषाला' हा शब्द आज खटकतो खरा. मुलींच्या शाळांचे काम जोशुआची पत्नी हॅना मार्शमन वेगळे करत होती, ते काम कॉलेजाइतके कधी गाजले नाही.

कॉलेजला पदव्या देता याव्यात ही मंडळींची इच्छा होती. इंग्रजांकडे मागून उपयोग नव्हता. त्यांच्या हिंदुस्थानात तोवर एकही विद्यापीठ नव्हते. पण सेरामपूरचा राजा इंग्रज नव्हताच! जोशुआ मार्शमन १८२६ मध्ये युरोपात गेले, कोपनहेगनला जाऊन फ्रेडरिक सहाव्याला भेटले आणि २३ फेब्रुवारी १८२७ रोजी राजाने सनद दिली. कोपनहेगन आणि किएल यांच्या जोडीला डेन्मार्कच्या राज्यातले तिसरे विद्यापीठ म्हणून सेरामपूरला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. मुंबई, कोलकाता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ ची. त्यांच्या आधी बरोबर तीस वर्षे आधुनिक पद्धतीच्या विद्यापीठाचा दर्जा भारतात आला तो असा. काही ठिकाणी 'आशियातले पहिले' असे लिहिलेले आढळते. ते खरे नाही, फिलिपिन्समध्ये मनिला येथे स्पॅनिश लोकांनी दोनशे वर्षे आधी विद्यापीठ केले होते. भारतातले पहिले एवढे पुरेसे आहे.

मौज अशी, की हा अधिकार मिळाला आणि तसाच पडून राहिला. १८२३ मध्ये वॉर्ड पटकीने गेला होता, १८३४ मध्ये कॅरी गेला, १८३७ मध्ये मार्शमन. पैसा आटला. डेन्मार्कलाही हिंदुस्थानातली ठाणी परवडेनात. २२ फेब्रुवारी १८४५ च्या करारानुसार तरंगंबाडी आणि सेरामपूर साडेबारा लाख रुपयांना इंग्रज कंपनीला विकली गेली. मालक बदलला की जुन्या मालकाने दिलेल्या सनदा सहसा रद्दीत जातात. पण या विक्रीच्या करारात एक कलम घातले गेले होते : सेरामपूर कॉलेजला डॅनिश राजाने दिलेले हक्क तसेच राहतील. कोणी आग्रह धरला असेल तो असो, त्या एका कलमावर पुढचे सारे उभे आहे.

कारण पुढची सत्तर वर्षे त्या हक्काचा उपयोग झालाच नाही. कॉलेज कोलकाता विद्यापीठाला जोडले गेले, १८८३ मध्ये सर्वसाधारण शिक्षण बंद होऊन ते केवळ धर्मशिक्षणाचे केंद्र उरले. १९०६ च्या सुमारास आलेले प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी जुनी सनद बाहेर काढली, ती अजून लागू आहे हे पटवून दिले, आणि १९१५ मध्ये पहिल्या पदव्या दिल्या गेल्या. सनद मिळाल्यापासून अठ्ठ्याऐंशी वर्षांनी! १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने कायदा करून तिला आपल्या राज्याचीही मान्यता दिली.

इथे आपल्या सनदेची आठवण होते. १७७९ मध्ये पुण्याच्या पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला आणि बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे त्यांना तोडून देण्याचे कबूल केले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा पोर्तुगीजांकडे गेले. १९५४ मध्ये २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यातल्या मराठी स्वयंसेवकांची, सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासकट, आठवण आपण दरवर्षी २ ऑगस्टला काढतोच. पोर्तुगाल मग हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. तेथे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे मराठी कागद पुढे आले. पोर्तुगीज म्हणत, पेशव्यांनी आम्हाला या मुलखाचे राज्यच दिले. भारताचे म्हणणे, दिला तो सरंजाम, म्हणजे फक्त महसूल घेण्याचा हक्क. जगातल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे 'सरंजाम' आणि 'जहागीर' या शब्दांचा अर्थ लागत होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने त्या कागदांवरून महसुलाचाच हक्क दिसतो असे म्हटले, पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मानून घेतली होती हेही धरले. सैन्य आणि शस्त्रे भारतीय मुलखातून नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, हे ठरले. वर्षभराने, ११ ऑगस्ट १९६१ ला, आपला प्रदेश रीतसर भारतात आला.

दोन्हीकडे सनद एका राज्याने दिली आणि तिचा अर्थ दुसऱ्याच राज्यात लावावा लागला. सेरामपूरला जपलेले एक कलम उपयोगी पडले. आपल्याकडे शब्दाचा खरा अर्थ सांगू शकणारी माणसे उपयोगी पडली, आणि मोडी वाचता येणारे त्यात आलेच, कारण पेशवे दप्तराची लिपी तीच. म्हणूनच आजींच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे : सेरामपूरला मराठी वाचणार होते ते कंपनीचे अधिकारी. त्यांना आपल्या सनदा आणि दप्तरे वाचायची होती, कारण त्यावर राज्य चालत होते. मराठी मुलांसाठी ते पुस्तक नव्हतेच. आपली भाषा आधी शिकली ती ज्यांना आपला मुलूख हवा होता त्यांनी. हे सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते, पण लपवण्यात अर्थ नाही.

किएलकडे पुन्हा एकदा वळू, कारण तिकडची गोष्ट वेगळी आहे. १८६६-६७ मध्ये किएल डेन्मार्ककडून सुटून प्रशियाकडे गेले होते. तिथल्या प्राध्यापकांना हिंदुस्थानात राज्य करायचे नव्हते. १८७५ पासून दहा वर्षे तेथे रिचर्ड पिशेल संस्कृतचे प्राध्यापक होते. या काळात त्यांनी हेमचंद्राचे प्राकृत व्याकरण संपादून प्रसिद्ध केले. त्यांच्या जागी हेर्मान याकोबी आले आणि १८८६ मध्ये त्यांनी महाराष्ट्री प्राकृतातल्या निवडक जैन कथांचे पुस्तक काढले. महाराष्ट्री म्हणजे ज्या प्राकृताशी आपण मराठीचे कूळ जोडतो ती. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या दर्जासाठी महाराष्ट्री प्राकृताचा जो जुना वारसा दाखवावा लागतो, त्याच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाच्या आरंभीच्या कामातला एक वाटा बाल्टिककाठच्या या गार, वाऱ्याच्या बंदरात झालेला आहे.

१८८९ पासून तेथे पाउल डॉयसेन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. उपनिषदे आणि शांकरवेदान्ताचे ते मोठे अभ्यासक. १८९३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे वेदान्तावर बोलले होते. १८९६ च्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंद त्यांना भेटायला किएलला गेले. दुसऱ्या महायुद्धात किएलच्या आरमारी तळामुळे शहरावर प्रचंड बॉम्बवर्षाव झाला, विद्यापीठाच्या इमारती पडल्या आणि १९४५ मध्ये एका कारखान्याच्या आवारात वर्ग पुन्हा भरू लागले. कारखान्याच्या शेडमध्ये विद्यापीठ, ही कल्पना सिल्वासात बसून करणे फारसे अवघड नाही.

कोणाला सेरामपूरला जायचे असेल तर हावड्याहून लोकल मिळते. स्थानकावर नाव श्रीरामपूर. नदीच्या बाजूला चालत गेले की कॉलेजची खांबांची इमारत, कॅरीच्या नावाचे ग्रंथालय आणि १८०६ चे डॅनिश सेंट ओलाव्ह चर्च पाहता येते. चर्चची डागडुजी इतकी चांगली झाली की २०१६ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार तिला मिळाला. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड तिघांच्याही कबरी गावातच आहेत. वैजनाथ पंडितांची खूण मात्र त्यांच्या पुस्तकांतच शोधावी लागेल.

कॉलेजचे कला आणि विज्ञानाचे वर्ग आज कोलकाता विद्यापीठाच्या पदव्यांसाठी चालतात. धर्मशास्त्राच्या पदव्या मात्र सेरामपूरचे सिनेट स्वतः देते, १८२७ च्या त्याच सनदेच्या जोरावर, आणि देशभरातील अनेक सेमिनरी त्याला जोडलेल्या आहेत. पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी त्यांपैकीच एक. आजही पुण्यात शिकलेल्या मुलाच्या हाती जी पदवी पडते तिच्यावर नाव सेरामपूरचे असते.